अक्काचे टिचबटणाचे दात

आमच्या घरी भांड्याला ओठ लावून कोणी काही पीत नाही. पाणी, ताक, कढत कॉफी, सगळं वरून. डोकं मागे टाकायचं, टंबलर वीतभर उंच धरायचा आणि धार थेट तोंडात सोडायची. तंजावूरला पोर धड चालायला लागलं की हेच शिकतं. त्यात आम्ही मराठी आणि शेजारचे तमिळ असा भेद नाही. ओठ लागला की भांडं उष्टं. ते खाली ठेवलं की ती जागा पाण्याने पुसायची, आणि पुसणाऱ्याने हात धुवायचे. पुण्याला एका लग्नात सगळे कपाला तोंड लावून चहा भुरकताना मी पाहिले आणि परत येऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "शिव शिव! आणि तोच कप परत दुसऱ्याला देतात?" धुऊन देतात म्हटलं, तरी तिचं समाधान झालं नाही.

अक्का म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. रोज सकाळच्या बसने ओरत्तनाडूला जायची, तिथल्या शाळेत हेडमिस्ट्रेस होती, आणि संध्याकाळी घरी येऊन आमची हेडमिस्ट्रेस व्हायची. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या, पण त्यांची उणीव अक्काने मला एक दिवसही भासू दिली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

मी हिंदीच्या शिकवण्या घेत असे, म्हणून मला देवनागरी लिहिता येते. अक्काला येत नाही. ती मराठीत बोलते, तमिळमध्ये लिहिते आणि इंग्रजीत रागावते. तेव्हा मी हे काय लिहिते आहे ते तिला वाचता येणार नाही, हा माझा मोठाच फायदा.

सोवळं-ओवळं, उष्टं-खरकटं या बाबतीत आमच्या घरचं कोर्ट म्हणजे अक्का. आणि कोर्ट कडक असलं तरी आंधळं नव्हतं. माझी लेक रांगत होती तेव्हाची गोष्ट. सासूबाईंचं श्राद्ध होतं, मी न्हाऊन सोवळ्यात स्वयंपाकघरात होते. लेक रांगत आत आली आणि खाली पडलेला तांदळाचा दाणा तिने तोंडात टाकला. मी बोट घालून तो काढला. ओरत्तनाडूहून आलेली माझी चुलत जाऊ किंचाळलीच, "अय्यो, सोवळं मोडलं! तोंडात बोट घातलं, आता परत न्हायला जा!" चुलीजवळून अक्काने मान न वळवता निकाल दिला, "दात आले नाहीत तोवर लेकराचं तोंड उष्टं नसतं. आणि आईला तर आपल्या लेकराचं उष्टं कधीच नसतं." आणि पुन्हा पायसम ढवळायला लागली. अक्काने माझी बाजू घेतली असा तो पहिला दिवस, म्हणून मला तो चांगला आठवतो.

आता दातांकडे येते. अक्काच्या हिरड्या आधीपासूनच कच्च्या. रिटायर व्हायच्या सुमारास वरचे सगळे दात गेले, खालचे मात्र राहिले. तिने वरची कवळी करून घेतली. भात-आमटी, इडली, सगळं खाता यायचं. पण त्या कवळीचा एक दुर्गुण होता. ती टाळूला नुसती चिकटून बसायची, आणि अक्काची वरची हिरडी झिजून सपाट झालेली. डोकं मागे टाकून आ केला की कवळी सुटायची. तिरुवैयारूच्या एका मुंजीत अक्काने चारचौघांत कॉफीचा टंबलर वर उचलला, धार सुरू झाली आणि दात खाली आले. तिने ओठ मिटले म्हणून ते टंबलरमध्ये पडायचे राहिले. कॉफी सगळी साडीवर.

त्यानंतर अक्का लोकांत काही पीतच नसे. लग्नाहून तहानलेली परत यायची. घरी मात्र तिने एक टंबलर वेगळा काढला. कॉफी घेऊन मागच्या खोलीत जायची, दार लावायची आणि आत ओठ लावून प्यायची. मग तो टंबलर स्वतः घासून सगळ्या भांड्यांपासून लांब, खिडकीत पालथा घालायची. बिचाऱ्या टंबलरला तिने वाळीतच टाकलं होतं म्हणा ना.

तोवर रोज सकाळी आम्ही दोघी मागच्या दारच्या पायरीवर बसून कॉफी प्यायचो. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. तिथे ती मला बोलायची, मी ऐकायची, मग गावभरच्या गप्पा व्हायच्या. ते बंद पडलं. मी एकटी पायरीवर बसायची आणि आत बंद दारामागे माझी नणंद चोरासारखी कॉफी पीत असायची. नणंदेची बोलणी बंद झाली म्हणून भावजयीला वाईट वाटावं, असं कधी ऐकलंय का? पण मला वाटलं. फार वाटलं.

शेवटी ह्यांनी तिला मेल वीदीच्या मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरीण इथलीच, वयाने माझ्या लेकीएवढी. तिने विचारलं, "पाट्टी," म्हणजे आजी, "काय काय खाता येत नाही?"

अक्का म्हणाली, "खाण्याचं राहू दे. मला वरून कॉफी प्यायची आहे."

डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण. इथलीच पोर ती, तिला बरोबर समजलं. मग तिने सांगितलं की वरच्या हाडात चार स्क्रू बसवू, ते हाडात धरले की त्यांवर टिचबटणासारखे बसणारे दात करू. टाळू मोकळा राहील, दात हलणार नाहीत, पण हवे तेव्हा काढता येतील. आणि त्याच वेळी तिने बजावलं, "वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं. खालच्यापेक्षा वरचे स्क्रू सुटायची भीती जास्त. बसवणं माझं काम, टिकवणं तुमचं. जेवलं की दात काढायचे, धुवायचे, स्क्रूंच्या भोवती ब्रश फिरवायचा, आणि रात्री काढून पाण्यात ठेवायचे." अक्काने मान हलवली. हेडमिस्ट्रेस मान हलवते तेव्हा तिला ऐकू आलेलं असतं इतकंच. तिला पटलं आहे असं समजायचं कारण नाही.

हाड धरायला बरेच महिने गेले. दात बसले त्या दिवशी डॉक्टरणीने पाण्याने भरलेला टंबलर पुढे केला. अक्का उभी राहिली, डोकं मागे टाकलं, टंबलर नेहमीपेक्षा चांगला वर उचलला. धार पडली, गटगट आवाज झाला, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा दारातून बघत होते. अक्काने टंबलर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघतेस काय? घरी जाऊन कॉफीचं डिकॉक्शन घाल."

त्यानंतरची काही वर्षं म्हणजे अक्काचं राज्य. "दात आहेत तर चणे नाहीत" म्हणतात, आमच्याकडे दातही होते आणि चणेही होते. मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, कडाकडा फोडायची. टाळू मोकळा झाल्यामुळे आमटीची चव लागते म्हणाली, आणि लागायला लागल्यावर लगेच माझ्या आमटीत चिंच जास्त होते हेही म्हणाली. कोणी "खोटे दात" म्हटलं की भांडायची. "स्क्रू माझ्या हाडात आहेत, म्हणजे दात माझे. खोटे कसले?" पायरीवरची कॉफी पुन्हा सुरू झाली, आणि माझ्यावरची बोलणीही. मी सुखात होते.

डॉक्टरणीकडे ती वेळच्या वेळी जायची. तिथे दातांच्या आतल्या, स्क्रूला धरून ठेवणाऱ्या नायलॉनच्या रिंगा झिजल्या की बदलून देत. नव्या रिंगा घातल्या की दात बसताना टिच आवाज कडक यायचा, आणि अक्का तो मला मुद्दाम ऐकवायची. डॉक्टरीण दर वेळी विचारायची, "पाट्टी, काढून धुता ना?" अक्का म्हणायची, "माझ्याइतकं स्वच्छ कोण आहे?"

हा काही त्या प्रश्नाचा जाब नव्हता. खरं काय होतं ते मी घरात बघत होते. जेवल्यावर अक्का खळखळून चुळा भरायची, विहीर आटेल इतक्या. पण दात काढायची नाही. का? कारण तोंडात बोट घातलं की हात उष्टा, हाताला लागलेले दात उष्टे, ज्या वाटीत ठेवायचे ती वाटी उष्टी. रात्री पाण्यात ठेवायचे तर उष्टं पाणी रात्रभर घरात! सकाळी न्हाणीघरात डोक्यावर पाणी घ्यायच्या आधी एकदा काढायची, नळाखाली धरायची आणि घाईने परत टिच. ब्रश नव्हताच. मी एकदा बोलून पाहिलं तर इंग्रजीत रागावली.

मग अंगठ्याचा सांधा धरला. टंबलर दोन हातांनी उचलता यायचा, पण दात ओढून काढायला अंगठ्याचा जोर लागतो, तो उरला नाही. तिने कोणाला सांगितलं नाही, आणि डॉक्टरणीकडे जायचंही टाळायला लागली. सकाळचं काढणंही थांबलं. टिच आवाज ऐकू येईना, पण मला वाटलं, माझेच कान गेले.

एक दिवस पायरीवर तिच्या साडीवर कॉफीचा डाग पडला. लहानसाच. मी बघितला आणि तिने मी बघितलेला बघितला. दुसऱ्या दिवशी पदर गळ्याशी गुंडाळून बसली. तिसऱ्या दिवशी पायरीवर आलीच नाही. मागच्या खोलीचं दार बंद होतं, आणि खिडकीत तो जुना वाळीतला टंबलर पालथा घातलेला होता. मी ह्यांना म्हटलं, आजच्या आज हिला डॉक्टरणीकडे न्यायचं.

डॉक्टरणीने दात काढले तेव्हा मी शेजारी उभी होते. हिरडी लाल, सुजलेली, हात लावला की रक्त. एक स्क्रू बोटाने हलत होता. तो काढावाच लागला. डॉक्टरीण चिडली नाही, पण एरवी पाट्टी पाट्टी करणारी पोर त्या दिवशी अगदी सरळ बोलली. "तीन राहिले आहेत. तीनवर दात धरतील, मी जुळवून देते. पण आता रोज कोणीतरी काढून साफ केलेच पाहिजेत. नाहीतर हेही जातील. तुमचं वय, तुमचं हाड, नवीन स्क्रू मी घालणार नाही. मग परत जुनी कवळी." अक्काने फक्त एवढंच विचारलं, "आणि कॉफी?" डॉक्टरीण दात जुळवायला आत घेऊन गेली.

अक्काच्याच सोवळ्याने अक्काचा घात केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

घरी आल्यावर मी म्हटलं, "अक्का, मी काढून देते रोज." ती म्हणाली, "तू? माझ्या तोंडात हात घालणार?" हे म्हणाले, "मी करतो." अक्का म्हणाली, "तू पेपर वाच." बाई ठेवू म्हटलं तर, "कोण कुठली, कुठे कुठे हात घालून आलेली." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काय उगाच? चार दिवस चुळांवर चालवलं. पाचव्या दिवशी हिरडीतून परत रक्त आलं, आणि तिने ते पदराने पुसून पदर आत खोचला.

मला राग आला. इतका राग आला की मी दुपारची कामं टाकून तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "अक्का, कोर्टात एक अर्ज आहे."

"बोल."

"लेकीने तांदूळ तोंडात घातला होता, तेव्हा तुम्ही काय निकाल दिला होता?"

तिला आठवत होतं. तिला सगळंच आठवतं. "दात आले नाहीत तोवर तोंड उष्टं नसतं."

"मग दात काढल्यावर तुमच्या तोंडात एक तरी दात राहतो का?"

"खालचे आहेत की."

"खालच्यांना मी हात लावत नाही. मी वरच्या मजल्यापुरतं बोलते आहे."

ती विचारात पडली. हेडमिस्ट्रेस आहे, नियम म्हटला की तिला तो पाळावासा वाटतो, कोणाच्या का बाजूचा असेना. मग तिला फट सापडली. "काढल्यावर दात नसतात हे कबूल. पण काढताना तर ते तोंडातच असतात. ते उष्टे."

"ते प्लास्टिकचे. प्लास्टिकला कसलं उष्टं?"

"माझे दात आहेत ते!"

"मग ठरवा. तुमचे, की प्लास्टिकचे?"

मी हसू दाबत बसले होते, आणि मनातून देवाला हात जोडत होते. शेवटी निकाल लागला. "काढताना प्लास्टिकचे. बसवल्यावर माझे."

"सरि, बरं तर," मी म्हटलं, आणि उठून साबणाने हात धुतले.

वाघाच्या जबड्यात हात घालावा तसा मी हात घातला. अक्काने डोळे घट्ट मिटून घेतले होते. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण दिवाळीला मी पाया पडायची तेवढाच आमचा स्पर्श. दात निघाले आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. ओठ आत गेले. हिरडी मऊ होती, आणि त्यात तीन चकचकीत स्क्रू. मी एकेकाभोवती ब्रश फिरवला. मला भडभडून आलं, पण हात थांबवला नाही. दात धुऊन परत बसवले: टिच, टिच, टिच. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "ब्रश फार खरखरीत आहे. मऊ आण."

मग ते रोजचंच झालं. रात्री जेवणानंतर काढायचे, साफ करायचे, वाटीत पाण्यात ठेवायचे. वाटीला तिने देव्हाऱ्यापासून सगळ्यात लांबची जागा दिली. सकाळी ती न्हाऊन आली की मी बसवून द्यायचे. हिरडीची लाली गेली. पायरीवर कॉफी परत आली. धार थोडी खालून पडते आता, पण पडते. डॉक्टरणीने बघून "कोणी केलं?" विचारलं तर अक्का म्हणाली, "मीच करून घेतलं." श्रेय कसं वाटायचं ते हेडमिस्ट्रेसकडून शिकावं.

पण हे सगळं दार लावून चालायचं. बाहेरच्या कोणाला कळता कामा नये, ही अट होती. आणि मग सासूबाईंचं श्राद्ध आलं.

आदल्या रात्री दात वाटीत ठेवताना मी विचारलं, "अक्का, उद्या कसं? मी पहाटे न्हाऊन सोवळ्यात असणार. घरात माणसं असणार." दात नसल्यामुळे तिने हातानेच सांगितलं, उद्याचं उद्या. मला वाटलं, उद्याचा दिवस ती बिनदातांची, पदर तोंडाशी धरून, मागच्या खोलीत काढणार. त्याच जुन्या बंद दारामागे, आणि तेही आईच्या श्राद्धाला. मला रात्री झोप आली नाही.

सकाळी मी न्हाऊन ओलेत्याने येऊन सोवळ्याची साडी नेसले आणि वडे तळायला बसले. ओरत्तनाडूची जाऊबाई शेजारी खोबरं खवत होती. वय झालं तरी नजर तीच. इतक्यात अक्का दारात आली. न्हालेली, पांढरे केस मोकळे, गाल आत गेलेले, आणि दोन्ही हातांत ती वाटी. मागच्या खोलीतली वाटी, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात! ती सरळ माझ्यासमोर आली, पाटावर बसली आणि आ केला.

जाऊबाईच्या हातातली खवणी थांबली. "अय्यय्यो! हे काय? श्राद्धाचा स्वयंपाक, आणि तोंडात हात? हिला परत न्हावं लागेल!"

मी तोंड उघडलं. माझा वकिली मुद्दा तयार होता: दात नाहीत तोवर तोंड उष्टं नसतं, वरच्या मजल्यापुरतं. पण अक्काने हात वर करून मला थांबवलं. दातांवाचून ती आमच्याशीसुद्धा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. शब्द ओठांतून घरंगळत आले, तरी स्वयंपाकघरात सगळ्यांना नीट कळले.

"आईला लेकराचं उष्टं नसतं."

निकालाचा हा दुसरा भाग मी अर्जात मागितला नव्हता. मला तो मागायचं सुचलंही नव्हतं. तिच्या आईच्या श्राद्धाच्या दिवशी, आमच्या घरच्या कोर्टाने, चार माणसांत, तो मला देऊन टाकला. जाऊबाई पुन्हा खोबरं खवायला लागली. मला समोरचं काही दिसेना. मी वाटीतून दात घेतले, अंदाजानेच तिच्या तोंडात धरले आणि अंगठ्याने दाबले. टिच, टिच, टिच.

अक्काने जीभ फिरवून पाहिली, ओठ मिटले, तोंड पूर्वीसारखं झालं. मग कढईकडे बघितलं.

"रडतेस काय गे? हात धू आणि वडे उलट. एक बाजू करपली."